बीडला जाण्याआधी हे वाच

बीडच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांसोबतच्या संशोधनाचं तुझं प्रपोजल वाचलं गं, मनापासून लिहिलंयस ते दिसतंय, पण एक गोष्ट खटकली ती आधी सांगते. प्रश्न तू ठरवलेस, प्रश्नावली तू केलीस आणि आजी-आजोबांनी यायचं ते फक्त उत्तरं द्यायला. असं काम मोठ्या सर्व्हेत होतं आणि ते लागतंच, मुंबईत देवनारच्या लोकसंख्या संस्थेने 2017-18 मध्ये लासी या वाढत्या वयावरच्या देशभरच्या सर्व्हेसाठी 45 वर्षांवरच्या आणि त्यांच्या जोडीदारांना धरून 72 हजारांहून जास्त लोकांना गाठलं, पण तुला सहभागी संशोधन, म्हणजे त्यांनाच सोबत घेऊन शोध, करायचंय ना, मग विषय पक्का करायच्या आधी गावात जा आणि त्यांना काय शोधावंसं वाटतं ते विचार.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या मीटिंगला जरूर जा, पण तिथेच थांबू नकोस. तिथे बहुतेक करून चालते-फिरते, पेन्शनवाले, बोलायची सवय असलेले पुरुष येतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला गेल्या की मागे नातवंडं, शेरडं आणि घर सांभाळणारी जी म्हातारी राहते ती तुझ्या दोन तासांच्या वर्कशॉपला कशी येणार, पोरांना शाळेत पाठवायचं, पाणी भरायचं, त्यात गुडघे दुखतात. दुपारी तिच्याच ओट्यावर जा, शेजारच्या दोघीतिघींना बोलव, बास. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून सावकाश बोल, आणि मुलगा किंवा सून घरी असली की तेच मधेमधे उत्तर देतात, तेव्हा नम्रपणे थांबव पण थांबवच.

संमतीपत्राचं नीट समजून घे. अंगठा म्हटला की कित्येकांना जमिनीचा कागद आठवतो, त्यामुळे ती भीती खोटी नाही. आधी सगळं तोंडी सांग, त्यांच्या विश्वासातलं माणूस साक्षीदार म्हणून घे, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत परत विचार की बोलायचंय का आज.

आणि हो, पहिल्याच दिवशी 'श्रावणबाळचे पैसे कधी येणार' हे विचारतीलच. सरकारच्या या म्हातारपणाच्या पेन्शनचे ते 1500 रुपये त्यांच्यासाठी महिन्याचं औषध असतं. तू तहसीलची नाहीस हे स्पष्ट सांग, पण हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला कुठे कसा मिळतो हे शिकून जा, त्यांचा वेळ घ्यायचा आणि हात हलवत परत यायचं हे मला पटत नाही.

ज्या आज्या तुझ्यासोबत माहिती गोळा करतील, रांगोळीने गावाचा नकाशा काढतील, त्यांच्या जोड्या कर. या वयात एखादी आजारी पडते, एखादी अचानक जातेही, तेव्हा दुसरीला दुःख करायला वेळ दे, तुझं टाइमटेबल थांबलं तरी चालेल, गाइडशी मी बोलेन.

या आज्यांचं मानधन बजेटमध्ये कुठेच दिसलं नाही. प्रवासखर्चासकट ते टाक, मगच एथिक्स कमिटीकडे पाठव.