महापौरच व्हायचंय म्हणतो!

प्रश्न : आम्ही दहा वर्षं फ्रान्समध्ये लील शहरात राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, यंदा शाळेचं शेवटचं वर्ष. इथल्या स्टेडियमला लीलचे माजी महापौर पिएर मोर्वा यांचं नाव आहे. त्यांच्याविषयी वाचून 'मला महापौर व्हायचंय' हेच धरून बसलाय. बाबांना इंजिनिअरिंग हवंय. राजकारण हे करिअर असतं का?

उत्तर : ताई, त्याला मोर्वांची शेवटची नाही, पहिली वीस वर्षं वाचायला सांगा. शाळामास्तरांचा हा मुलगा स्वतःही तांत्रिक शाळेत शिकवायचा. शिक्षकांच्या संघटनेचं काम केलं. कामगारांच्या पोरांना सुट्टीत शिबिरं, खेळ मिळावेत म्हणून १९५१ मध्ये 'लेओ लाग्रांज' संस्था उभी केली. १९७१ मध्ये लीलचे उपमहापौर, १९७३ मध्ये महापौर. तेव्हा वय ४४! पुढे २००१ पर्यंत ते पद सोडलं नाही. अगदी १९८१ ते ८४ पंतप्रधान असतानाही. निवृत्तीचं वय साठ आणि पगारी रजेचा पाचवा आठवडा, दोन्ही त्यांच्याच सरकारचे निर्णय. वेगवान रेल्वे लीलमधूनच जावी म्हणून ते हटून बसले. तुमच्या 'लील युरोप' स्टेशनामागे तो हट्ट आहे.

पण तो रस्ता आता तसाच राहिलेला नाही. २०१४ च्या कायद्यामुळे खासदाराला त्याच वेळी महापौर राहता येत नाही. शिवाय लोक थेट महापौर निवडत नाहीत. मतं पडतात उमेदवारांच्या यादीला, आणि महापौर निवडतात नगरसेवक. म्हणजे यादीत नाव येण्याइतकी माणसं आधी जोडावी लागतात. बहुतेक नगरसेवकांचं मानधनावर घर चालत नाही, त्यामुळे पोटासाठी दुसरा धंदा हवाच. त्या बाबतीत बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. मात्र इंजिनिअरिंगच का, हे मला पत्रातून कळलं नाही. मुलाला गणित आवडतं का? तसं नसेल तर 'सियाँस पो लील' या राज्यशास्त्राच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा देऊ द्या. तिथून सरकारी सेवा, पत्रकारिता, नगरपालिकेतली नोकरी, सगळं खुलं राहतं. आणि या उन्हाळ्यात मुलांच्या एखाद्या सुट्टी-शिबिरात त्याला काम करू द्या. वीस पोरं सांभाळताना कंटाळला, तर तेही लवकर कळेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. भारतीय पासपोर्टवर त्याला तिथे नगरपालिकेचं मतदानसुद्धा करता येणार नाही, महापौरपद लांबच. फ्रेंच नागरिकत्व घेतलं तर भारतीय सोडावं लागेल. कॉलेजच्या अर्जांआधी यावर तिघं एकत्र बसून बोला.