आयर्विन पूल ब्राउझरच्या माथ्यावर

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. दुकानातल्या संगणकावरच्या क्रोम ब्राउझरला भाचीने कासच्या फुलांची थीम, म्हणजे रंगचित्रांचा साज, लावून दिली. दिसायला झकास, पण टॅबवरची नावं वाचता येत नाहीत. परवा सौद्याच्या गडबडीत एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी माझ्या घरच्या मेलवरून गेली. थीममधून व्हायरस येतो म्हणतात, ते खरं का? काढून टाकू का? खरं तर मला मी काढलेला आयर्विन पुलाचा फोटो लावायचा आहे.
— एक अडत्या, सांगली

उत्तर : भाचीला आधी काही बोलू नका. चूक फुलांची आहे. थीममध्ये टॅबवरच्या अक्षरांना एक रंग ठरवून दिलेला असतो आणि मागचं चित्र मात्र कासचं! जांभळा-गुलाबी तेरडा, मधेच पिवळी सोनकी, पांढरे गेंद. पांढरी अक्षरं तेरड्यावर दिसतील, गेंदावर बुडतील. काढायची असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'अपिअरन्स'खाली 'रिसेट टू डिफॉल्ट' दाबा. फुलं जातील; बुकमार्क, पासवर्ड जागच्या जागी राहतील.

व्हायरसचं म्हणाल तर क्रोमच्या थीममध्ये चित्रं आणि रंग असतात, चालणारा प्रोग्राम नसतो. पण थीम म्हणून काही बसवताना 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचण्याची व बदलण्याची' परवानगी मागितली, तर ती थीम नव्हे, एक्स्टेन्शन आहे, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. तिथेच थांबा, बँकेचे व्यवहार करता त्या संगणकावर तर नक्कीच. ही धास्ती माझी स्वतःची आहे. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा रंगीत स्किन आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या नावाखाली तीन-तीन टूलबार, म्हणजे बटणांच्या जादा पट्ट्या, बसलेली मशीन यायची. ब्राउझरची अर्धी खिडकी टूलबारनेच व्यापलेली. एका गिऱ्हाइकाचं मशीन मी साफ करून दिलं आणि चौथ्या दिवशी ते तसंच परत आलं. पोराला ते नाचणारं माकड पाहिजे होतं.

आता हिशेबपट्टीचं. तुमच्या पत्रातली खरी अडचण ही आहे, आणि इथे थीम कामाला येते. क्रोममध्ये वर उजवीकडे जो गोल आहे, त्यातून दुसरी प्रोफाइल जोडा. एक अडतीची, एक घरची. दोन्हींचे मेल वेगळे, बुकमार्क वेगळे, थीमही वेगळी. अडतीच्या खिडकीला हळदीचा पिवळा द्या, घरच्या खिडकीला गडद निळा. वरची पट्टी पिवळी नसेल तर हिशेबपट्टी पाठवायची नाही, एवढं दिवाणजींनाही सांगून ठेवा. माझ्याकडे दुकानाची खिडकी हिरवी आहे आणि घरची साधी करडी. घरच्या खिडकीला मी मुद्दाम काही लावलेलं नाही.

फोटो क्रोममध्येही लागतो, नवा टॅब उघडून खाली उजवीकडच्या पेन्सिलीतून. पण तो नव्या टॅबच्या पानावरच दिसेल. टॅबच्या पट्टीमागे पूल पाहिजे असेल तर फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर घ्या. तो बनवणाऱ्या मोझिलाच्या अॅड-ऑनच्या साइटवर खातं उघडलं की एक चित्र आणि अक्षरांचा रंग देऊन थीम बनवता येते. ३००० बाय २०० पिक्सेलची पट्टी पुरते. पूल हा विषय तिथे फार सोयीचा, कारण लांबच लांब आहे. चित्र वरच्या उजव्या कोपऱ्याला टेकतं आणि टॅब डावीकडून सुरू होतात. म्हणून कमानी उजवीकडे आणि वरच्या अंगाला येतील असा फोटो कापा, डावीकडे नुसतं पाणी किंवा आभाळ सोडा. महापुरातला फोटो असेल तर गढूळ पाण्यावर पांढरी अक्षरं उत्तम उठतील. पण रोज सकाळी ते बघून दुकान उघडायचं का, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : पूर्वी फायरफॉक्सच्या स्किनने बटणंसुद्धा बदलायची. आता नुसते रंग. असं का?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझं खरं आहे. जुन्या 'पूर्ण' थीम ब्राउझरचं अंतरंगच बदलायच्या, त्यामुळे नवी आवृत्ती आली की बटणं गायब. जानेवारी २०१० मध्ये ३.६ आवृत्तीत 'पर्सोनाज' नावाच्या हलक्या चित्रथीम आतच आल्या आणि नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीत पूर्ण थीम बंदच झाल्या. हौस असेल तर ब्राउझरचं रूप हाताने बदलणारी 'यूजरक्रोम डॉट सीएसएस' नावाची फाइल अजून चालते, मात्र आवृत्ती ६९ पासून 'अबाउट कॉन्फिग' या आतल्या सेटिंग्जच्या पानावर तिचं कुलूप आधी उघडावं लागतं. परीक्षा जवळ असेल तर या नादाला लागू नकोस. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय, तेही टॅब खाली आणायला.