जुना टीबी, थंडीतला पंप आणि पायलटची मेडिकल

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला, पायलटच व्हायचं म्हणतोय. दहावीत त्याला फुफ्फुसाचा टीबी झालेला, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, आता ठणठणीत आहे पण एक्स-रेत वरच्या बाजूला डाग दिसतो. थंडीत कधीमधी पंप घ्यावा लागतो. पाहुणे म्हणतात मेडिकलला टीबीचं नावच काढू नका. काय करू?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, पाहुण्यांचं ऐकू नका. छातीचा एक्स-रे तिथं बघतातच, डाग काय लपणार ओ, आणि फॉर्मवर खोटं लिहिलेलं सापडलं तर ते टीबीपेक्षा महागात पडतं. टीबी चालू असेल तर अनफिट, पण बऱ्या झालेल्या जुन्या डागाला फिट देता येतं असं आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, नियमातच आहे. म्हणून कोर्स पूर्ण झाल्याचा कागद, तेव्हाचे आणि आत्ताचे एक्स-रे, सगळं एका फाईलीत लावा. डाग तेवढाच आहे, वाढला नाही, हे त्यावरून दिसतं.

छातीच्या डॉक्टरांना एक नक्की विचारा, डागाजवळ हवेचा फुगा तर नाही ना. प्रवासी विमानात केबिनचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेएवढा असतो, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच, तिथं अडकलेली हवा फुगते आणि तो फुगा फुटला तर फुफ्फुस बसतं. मेडिकल घेणाऱ्यांना खरी भीती असते ती अशी वर गेल्यावर अचानक काही होण्याची.

आणि टीबीच्या कोर्समध्ये इथॅम्ब्युटॉल नावाची गोळी असते, ती क्वचित डोळ्याच्या नसेवर जाते आणि लाल-हिरवा रंग ओळखायला त्रास होतो, पायलटला ते चालतच नाही. तेव्हा डोळेही दाखवून घ्या, हे सहसा कुणी सांगत नाही.

पंपाचं म्हणाल तर दमा म्हटला की लगेच नापास असं नाही. फुंकायची टेस्ट करतात, एकूण हवेतली पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते ते बघतात, 70 टक्क्यांच्या खाली आली की नळ्या आवळल्याचा संशय. टेस्ट चांगली यावी म्हणून मनानं पंप बंद करू नका, उलट दम लागेल. घरात माग असतील तर सुताच्या धुळीपासून पोराला लांब ठेवा, विडी-सिगरेटचं तर बोलायलाच नको.

आणि फ्लाइंग स्कूलला लाखो रुपये भरायच्या आधी मेडिकल उरकून घ्या. क्लास टू ही मेडिकलची खालची पायरी, तिच्यावर थांबू नका, कमर्शियल लायसन्सला क्लास वन लागते, फी त्यानंतरच भरा.