फुकट ऑनलाइन शिक्षणाने खरंच काही बदलतंय का? क्लासची फी परवडत नसेल तर त्यावर भागेल का?

तुम्ही बी.कॉम.ला आहात, क्लास परवडत नाही आणि फुकटच्या कोर्सवर भरवसा ठेवावा का असं विचारताय. ठेवा. फक्त नेमकं काय फुकट झालंय ते आधी बघा. लेक्चर फुकट झालंय, बाकीचं अजून फारसं नाही.

मी परळला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी एका अभ्यासिकेत कॉलेजच्या मुलांना अकाउंट्स शिकवतो, म्हणून सांगतो, लेक्चर फुकट होणं ही लहान गोष्ट नाहीये. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपलं कोर्स मटेरियल नेटवर टाकायचं जाहीर केलं, आपल्याकडे २००३ ला आयआयटी आणि आयआयएससीने मिळून एनपीटीईएल, म्हणजे त्यांच्या प्राध्यापकांची लेक्चर नेटवर फुकट देणारा उपक्रम, सुरू केलं, पण तेव्हा चाळीतल्या पोराकडे ते बघायला नेट होतं कुठे? २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि तेव्हा कुठे आयआयटीचे सर दहा बाय बाराच्या खोलीत पोचले.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने २०११ मध्ये एआयचा कोर्स सगळ्यांना फुकट दिला तेव्हा साधारण १,६०,००० लोकांनी नाव घातलं आणि पुरा केला सुमारे २३,००० जणांनी. लोक लगेच म्हणतात पोरं आळशी आहेत. मला हे अजिबात पटत नाही, पोरं अडकतात आणि अडकल्यावर विचारायला कोणी नसतं. आमच्याकडची एक मुलगी घसाऱ्याचा, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी किती कमी धरायची त्याचा, व्हिडिओ परत परत बघून आली होती, रीत पाठ होती, तरी उत्तर जुळेना. वही बघितली तर व्हिडिओतलं मशीन १ एप्रिलला घेतलेलं आणि हिच्या गणितातलं १ ऑक्टोबरला. मी तारखेवर बोट ठेवून विचारलं, "मशीन घेतलं कधी?" बस्स, तिचं तिनेच मार्चअखेरपर्यंतचा सहा महिन्यांचा घसारा काढला. व्हिडिओला तिची वही दिसत नाही ना.

म्हणून आता मी फळ्यावर शिकवणं जवळपास बंद केलंय, मुलं व्हिडिओ घरून बघून येतात आणि इथे बसून गणितं सोडवतात, एकमेकांना विचारतात. आणि जागा हाही मोठा प्रश्न आहे, वरळीच्या अभ्यास गल्लीत मुलं वर्षानुवर्षं रस्त्याच्या दिव्याखाली वाचत बसतात ते घरात जागा आणि शांतता नाही म्हणूनच, मोबाइलने मास्तर घरी आणला पण खोली काही मोठी झाली नाही.

कॉम्प्युटर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघाच, मराठीतही आहे. छोटे छोटे व्हिडिओ असतात, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा, अर्ध्यावर लिबरऑफिस कॅल्क (एक्सेलसारखंच, पण फुकट) उघडायचं, त्यांनी एक स्टेप केली की थांबवून आपण करायची. नुसतं बघून सोडून देता येत नाही, म्हणूनच मला ते आवडतं. फक्त यासाठी कॉम्प्युटर लागतो, मोबाइलवर ही मजा नाही, तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये बसू देतात का बघा.

सर्टिफिकेट हवं असेल तर २०१७ पासून सरकारचं स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, एनपीटीईएलचे कोर्सही त्यावर असतात. शिकणं फुकट, पण एनपीटीईएलच्या कोर्सला परीक्षेची फी वेगळी आणि पेपर सेंटरवर जाऊन द्यावा लागतो. मी तर म्हणेन फी भराच, कारण तारीख ठरली की अभ्यास होतो. एका वेळी एकच कोर्स घ्या, वर्गातले दोघं-तिघं सोबत ओढा आणि आठवड्याची असाइनमेंट एकत्र बसून करा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात, पण कोणते कोर्स चालतील ते कॉलेज-युनिव्हर्सिटी ठरवते, त्यामुळे फी भरायच्या आधी कॉलेजात जाऊन विचारा की हे क्रेडिट, म्हणजे या कोर्सचे गुण डिग्रीत, धरणार का, आणि हो म्हणाले तर लेखी घ्या.