नातींना सांभाळण्याचे पैसे: पगार की भेट?

प्रश्न: मी ६५ वर्षांची निवृत्त शिक्षिका, सांगलीला राहते. नोव्हेंबर ते एप्रिल न्यू जर्सीला मुलीकडे जाणार आहे. तिला दोन लहान मुली आहेत. जावई म्हणतात, डे-केअरला द्यायचे ते तुम्हालाच देऊ, महिना हजार डॉलर. आम्हालाही तिथल्या करात सवलत मिळेल. त्यासाठी तिथे माझ्यासोबत संयुक्त खाते काढायचा त्यांचा विचार आहे. मुलीची मैत्रीणही आपला मुलगा माझ्याकडे ठेवून काही पैसे देणार म्हणते. यावर मला भारतात कर भरावा लागेल का?

उत्तर: ताई, कराच्या आधी व्हिसा बघू. तुम्ही बी-२ या पर्यटक व्हिसावर जाणार असे धरते. त्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, मग काम देणारी पोटची मुलगी असली तरी. मुलीकडे राहणे, नातींना खेळवणे-भरवणे याला कोणी नोकरी म्हणत नाही. ‘महिना हजार डॉलर, त्या बदल्यात मुली सांभाळायच्या’ असे ठरले, की ती नोकरी झाली. पुढच्या वेळी विमानतळावरच अडवणूक होऊ शकते.

जावयांना हवी ती सवलत इथेच अडते. चाइल्ड केअर क्रेडिट (मुलांच्या सांभाळाच्या खर्चावरची करसवलत) घ्यायचे तर फॉर्म २४४१ मध्ये मुले सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता आणि करक्रमांक लिहावा लागतो. म्हणजे सासूबाईंनी अमेरिकेत काम करून पैसे कमावले, हे ते स्वतःच्या सहीने तिथल्या करखात्याला कळवणार. दोन मुलांसाठी जास्तीत जास्त ६,००० डॉलरचा खर्च धरतात आणि चांगल्या पगाराच्या जोडप्याला २०२५ पर्यंत त्याचे २० टक्के मिळत; २०२६ पासून उत्पन्नानुसार २० ते ३५ टक्के: १,२०० ते २,१०० डॉलर. एवढ्यासाठी तुमचा व्हिसा पणाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तो पगार ठरला तर तुम्हाला तिथे अनिवासी म्हणून विवरणपत्र भरावे लागेल आणि त्यात स्टँडर्ड डिडक्शनही (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक सरसकट वजावट) मिळणार नाही. आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ तुम्ही भारतात असता, म्हणून इथे निवासी ठरता. त्यामुळे तीच रक्कम इथल्या विवरणपत्रातही दाखवावी लागेल. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागदपत्रांची कटकट मोठी.

आता भेटीचे. मुलीने आईला दिलेली रक्कम कितीही असली तरी आईला त्यावर आयकर नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम ५६(२)(x) मध्ये ही सूट होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, सूट राहिली. ‘नातेवाईक’ या व्याख्येत मुलीचा नवराही बसतो. जावयाकडून पैसे घ्यायला आपल्याकडे अजून जीव कचरतो, पण कायद्याची हरकत नाही. तिकडे देणाऱ्यालाही वर्षाला एका व्यक्तीला १९,००० डॉलरपर्यंत (२०२५ चा आकडा) भेट-कराचे विवरणपत्र भरावे लागत नाही.

पण पगारालाच भेट म्हणायचे, असे मात्र करू नका. मी अशिलांना एकच विचारते: तुम्ही गेला नाहीत, तरी ते हे पैसे पाठवतील का? उत्तर ‘हो’ असेल तर ती भेट. मग दर ठरवू नका, तासांचा हिशेब ठेवू नका, आणि जावयांनी त्यावर सवलत मागू नये. तिथे खर्च आणि इथे भेट, असे दोन्हीकडून चालत नाही. पैसे सांगलीच्या तुमच्या नेहमीच्या बचत खात्यात बँकेमार्फत येऊ द्या. बँक उद्देश विचारते. तिथे कुटुंबाच्या निर्वाहासाठी किंवा वैयक्तिक भेट, जे खरे असेल ते सांगावे. मुलीचे दोन ओळींचे सही केलेले पत्र फाइलला लावून ठेवा.

संयुक्त खाते काढू नका. परदेशातल्या खात्यात तुमचे नाव आले, की उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र भरणे आणि त्यात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खाते दाखवणे बंधनकारक होते. पेन्शनधारकांचा विवरणपत्राचा साधा फॉर्म, आयटीआर-१, मग चालत नाही. हे राहून गेले तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छोट्या शिलकीच्या खात्यांना त्यात आता सवलत आहे, पण नोटिशीला उत्तर देण्याचा मनस्ताप कशाला?

मैत्रिणीला सरळ नाही म्हणा. ती तुमची नातेवाईक नाही, तेव्हा तिचे पैसे हे कामाचेच. एखाद्या संध्याकाळी तिचा मुलगा नातींबरोबर खेळला तर कोणी विचारत नाही. रोजचा ठेवायचा नाही.

भेटीची रक्कम इथे मुदत ठेवीत टाकलीत तर व्याज मात्र तुमचे उत्पन्न. मुलीच्या किंवा जावयाच्या उत्पन्नात ते मिळवले जात नाही. ज्येष्ठ नागरिकाचे एका बँकेतले व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेले तरच बँक टीडीएस (व्याजातूनच आधी कापला जाणारा कर) कापते. कर शून्य निघत असेल, तर अमेरिकेला निघण्याआधी शाखेत तसे स्वयंघोषणापत्र (पूर्वीचा १५एच फॉर्म) भरून द्या.