इराटा लेव्हल १ साठी हिच बांधायचा सराव घरी कसा करावा?

इराटा म्हणजे दोरीवर लटकून उंचावर काम करणाऱ्यांची संघटना, लेव्हल १ ही तिच्या सर्टिफिकेटची पहिली पायरी. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की ट्रेकिंगमुळे गाठी येतात, मग कोर्सआधी किती सराव पुरेल? "गाठी येतात" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं ते आमच्या गिर्यारोहण ग्रुपमधल्या दादाच्या तोंडून. खंडाळ्याच्या ड्यूक्स नोज सुळक्यावर रोप लावणारा, हात पाठीमागे घेऊन बोलाइनची गाठ बांधून दाखवणारा माणूस. आम्ही लेव्हल १ एकत्रच केली.

चार दिवस ट्रेनिंग आणि मग बाहेरून आलेल्या असेसरसमोर परीक्षा. ट्रेनिंगमध्ये एकदा उभ्या स्टीलच्या पाइपला क्लोव्ह हिच (वस्तूभोवती दोन वेढे देऊन मारायची गाठ) मारायला सांगितली. दादाची सगळ्यांच्या आधी झाली. ट्रेनरने भाराचा पदर (ज्यावर वजन येतं ती बाजू) धरून आलटूनपालटून ओढला आणि सैल सोडला. हिच थोडी थोडी सरकत गेली, शेपटी (रोपचं मोकळं टोक) जेमतेम बोटभर उरली. कोरा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) रोप, गुळगुळीत पाइप आणि मागे टोक अडवायला एकही हाफ हिच (साधा अर्धा वेढा) नाही. दादा तापला, "झाडाला इतकी वर्षं अशीच बांधतोय, कधी सरकली नाही." नसेलच सरकली. झाडाची साल रोपला धरून ठेवते, पाइप धरत नाही. हिच ज्याला बांधली त्याच्याच जिवावर उभी असते, पाइप काढून घेतला तर क्लोव्ह हिच हातात सुटून येते. दादाला ते तेव्हा पटलं नाही. चहाच्या टपरीवर तो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. त्याच्या मते हे सगळं सर्टिफिकेटवाल्यांचं थोतांड आहे.

मला वेगाचं काडीचं कौतुक नाही. असेसर गाठीजवळ वाकून बघतो: पदर एकमेकांवर चढलेत का, प्रत्येक पदर वेगळा ओढून बसवलाय का, शेपटी पुरेशी आहे का. इटालियन हिच (कॅराबिनरमधून, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीतून, रोप ब्रेक लावत सोडायची हिच) असेल तर ब्रेकचा पदर कॅराबिनरच्या गेटवरून धावतोय का. तसा धावला तर गेटचा स्क्रू उघडत जातो. प्रुसिकची (भार आला की मुख्य रोपला आवळून धरणाऱ्या हिचची) कॉर्ड मुख्य रोपपेक्षा बारीक हवी आणि वेढे शेजारीशेजारी बसलेले हवेत.

सराव सुतळीवर किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवर करू नका. कामावर असतो तसा १०.५ किंवा ११ मिमीचा स्टॅटिक रोपचा तुकडा आणा. हातमोजे घाला. खिडकीच्या ग्रिलला एकदा छातीसमोर बांधा, एकदा डोक्याच्या वर, मान वर करून. डोळे मिटून बांधता येण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून स्वतःची गाठ तपासता येणं जास्त कामाचं. दादा, हे तुलाही लागू आहे. तू आजही बांधून झाल्यावर गाठीकडे बघत नाहीस.

खरं तर लेव्हल १ ला हिचपेक्षा फिगर एटच्या गाठी, अल्पाईन बटरफ्लाय आणि बॅरल नॉट या गाठींचंच काम जास्त पडतं. त्या आधी पक्क्या करा. तुमचा ट्रेनर शेपटी किती ठेवायला सांगतो, कशी बांधायला सांगतो, तेच अंतिम समजा, माझं नाही. आणि ग्रिलला बांधलेल्या रोपवर अंगाचा भार टाकू नका, ग्रिल त्यासाठी बसवलेलं नसतं.