झिंबाब्वेत चर्चही आणि पितरही

तुमचा हरारेतला सहकारी दर रविवारी चर्चला जातो, तरी बहिणीचं लग्न नोव्हेंबरात नको म्हणतो, हे विसंगत वाटतंय ना? शोना या तिथल्या सर्वांत मोठ्या समाजात नोव्हेंबर हा म्बुडझी म्हणजे बोकडाचा महिना. त्यात लग्न नाही, पितरांचं कार्य नाही. देशात ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक ख्रिश्चन आहेत, पण त्यांतले कितीतरी जण हा महिना पाळतात.

पितर हा तिथला खरा गाभा. माणूस गेल्यावर साधारण वर्षभराने 'कुरोवा गुवा' करून त्याचा आत्मा घरी आणतात. त्यानंतर तो मुलाबाळांची राखण करतो अशी श्रद्धा. घरातलं आजारपण किंवा भांडण मिटेना, तर 'बिरा' घालतात. रात्रभर म्बिरा (२०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलेलं वाद्य) आणि होशोचे खुळखुळे चालू, घरी गाळलेली नाचणीची बिअर फिरते, आणि पूर्वज कुणाच्या तरी अंगात येतो. अशा माणसाला 'स्विकिरो' म्हणतात. इंग्रजांनी १८९८ मध्ये फाशी दिलेली चार्वे ही नेहांडा या पूर्वज-आत्म्याची स्विकिरो होती. नेहांडाचा पुतळा २०२१ पासून हरारेच्या भर चौकात उभा आहे, म्हणजे सरकारलाही ती आपली वाटते!

सगळेच असे नाहीत. पांढरे झगे घालून उघड्यावर, झाडाखाली प्रार्थना करणारे दिसले, तर ते अपोस्टोलिक ख्रिश्चन. योहाने मारांगे आणि योहाने मासोवे यांनी १९३२च्या सुमारास हे पंथ सुरू केले. त्यांना बिरा, बिअर, वैदू काही चालत नाही. त्यांच्यासमोर पितरांचा विषय काढू नका.

मुतुपो मात्र जवळपास सगळ्यांना असतो. आपल्या देवकासारखाच प्रकार: सिंह, माकड, हत्ती, हृदय वगैरे. एका मुतुपोत लग्न होत नाही आणि त्याचं मांस खात नाहीत. 'मोयो'वाले हृदय खात नाहीत. तेव्हा जेवायला बोलावताना विचारून घ्या.

लग्नात 'रोओरा', म्हणजे मुलीच्या घरी द्यायचं वधूमूल्य, ठरवायला मुलाकडून मध्यस्थ जातो. बाकी रक्कम हप्त्यांनी चालते, आता रोखही देतात. पण नवरीच्या आईची गाय खरीखुरी, जिवंत लागते. ती चुकली तर आईकडचे पितर कोपतात असं मानतात, आणि त्यावर चर्चवालेही सहसा वाद घालत नाहीत.

बुलावायोकडचे न्देबेले वेगळे. ते १८३०च्या दशकाच्या अखेरीस आपला राजा म्झिलिकाझी याच्याबरोबर दक्षिणेकडून आले. मातोबोच्या डोंगरातलं पावसाचं देवस्थान त्यांच्या आधीपासूनचं, तरी त्यांनी ते मोडलं नाही. त्यांचे राजेही तिथे भेटी पाठवत.